मायकल म्हणजे 'देवासारखा' नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना शनिवारच्या चहाबरोबर काहीतरी हलकंफुलकं हवंय त्यांनी मागच्या वेळचं पावसाळी भजीपुराण पुन्हा वाचावं.

भांडण आहे ते बाळांच्या नावांच्या साईट्सशी. कुठलीही उघडा. डावीकडे नाव, मग 'मूळ', मग 'अर्थ'. मायकल हे नाव शोधा. मूळ: हिब्रू. इथवर बरोबर. अर्थ: 'देवासारखा'. कुठे 'जो देवासारखा आहे तो', कुठे 'देवतुल्य', आणि एका महाभागाने तर 'देवाची भेट' असंही लिहून ठेवलंय. हे थोडंसं चुकलंय असं नाही, हे साफ उलटं आहे. शंभराच्या नोटेवर 'उसने मिळाले' लिहिण्याऐवजी 'उसने दिले' लिहावं इतकं उलटं.

हिब्रूत हे नाव तीन तुकड्यांचं आहे. मी-खा-एल. 'मी' म्हणजे कोण. (आपला 'मी' नव्हे. हा निव्वळ योगायोग, यावरून कुणी हिब्रू मराठीतून निघाली असा शोध लावू नये, लावणारे आहेत म्हणून सांगतो.) 'खा' म्हणजे सारखा, जसा. 'एल' म्हणजे देव. सगळं मिळून झालं, 'देवासारखा कोण आहे?' हा प्रश्न आहे. आणि त्याचं अपेक्षित उत्तर आहे 'कुणीच नाही'. म्हणजे ज्या नावातून 'बाबा रे, देवाची बरोबरी कुणी करू शकत नाही' असं सांगायचं होतं, त्याचा अर्थ आपण लावला 'आमचं बाळ देवासारखं आहे'. वा!

आता हा बग आला कुठून ते बघा. मला तर यात फार मजा वाटली. इंग्रजीत 'हू' हा शब्द दोन कामं करतो. 'कोण?' असा प्रश्नही विचारतो आणि 'जो' असं जोडकामही करतो. इंग्रजीत भाषांतर करताना शेवटी प्रश्नचिन्ह होतं. मग कुणीतरी यादी तयार करताना ते गाळलं. कंटाळ्याने गाळलं असेल, नाहीतर आमच्याच एखाद्या जातभाईने 'स्पेशल कॅरॅक्टर काढून टाका' असा फिल्टर लावला असेल, त्याचीच शक्यता जास्त. प्रश्नचिन्ह गेलं आणि 'कोण'चा 'जो' झाला. मग ती यादी कॉपी-पेस्ट होत होत शंभर ठिकाणी गेली, मराठीत आली, आणि मराठीत आल्यावर 'जो देवासारखा' असं पक्कं होऊन बसली.

खरी चीड इथे येते. मराठीत ही चूक व्हायला जागाच नाही! आपल्याकडे 'कोण' वेगळा, 'जो' वेगळा. हिब्रूचं 'मी' म्हणजे सरळ आपलं 'कोण'. प्राचीन हिब्रूत प्रश्नचिन्ह नव्हतंच, त्याची गरज नव्हती, तो शब्दच प्रश्न विचारतो. हिब्रूतून मराठीत सरळ आणलं असतं तर कुणा शाळकरी पोराचीही चूक झाली नसती. पण आपल्याला जगातलं काहीही इंग्रजीच्या खिडकीतून बघायची सवय. यहुद्यांचं नाव, आणि ते आपल्याला समजावतो लंडन-न्यूयॉर्कमार्गे आलेला एक्सेलचा कॉलम.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, एका प्रश्नचिन्हाचा प्रश्न. अहो, पण हिब्रू नावं बऱ्याचदा छोटी छोटी वाक्यंच असतात. दानिएल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश'. एलिया म्हणजे 'याह माझा देव'. नथानिएल म्हणजे 'देवाने दिलं', आपला देवदत्तच की तो. (ते 'देवाची भेट'वाले महाशय बहुतेक या ओळीवरून त्या ओळीवर घसरले.) वाक्यातला प्रश्न काढून विधान केलं की वाक्य बदललं. बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याचं नावही याच घडणीचं, 'याहसारखा कोण?' त्याच्या पुस्तकाच्या शेवटाकडे 'तुझ्यासारखा देव कोण आहे' अशा अर्थाचा प्रश्न येतो, म्हणजे स्वतःच्याच नावावर केलेली कोटी! प्रश्न गाळलात की ती कोटीही गेली. आणि कॅथलिक चर्चच्या जुन्या चित्रांत सेंट मायकलच्या ढालीवर लॅटिनमध्ये काय लिहिलेलं असतं? 'क्विस उत देउस', देवासारखा कोण? चित्रकारांना ठाऊक होतं. चर्चला ठाऊक होतं. फक्त आपल्या साईटवाल्यांना नाही.

प्रश्नाचं नाव कसं होईल असं ज्यांना वाटतंय त्यांनी जरा घरात बघावं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं हिरण्यगर्भ सूक्त (१२१वं) पुन्हा पुन्हा विचारतं की आम्ही कुठल्या देवाला हवी अर्पण करावा. पुढे ब्राह्मणग्रंथांनी त्या प्रश्नातला 'क' उचलला आणि तेच प्रजापतीचं नाव ठरवलं. कोण? तर 'कोण' हाच! प्रश्नाचा देव करणाऱ्यांच्या वंशजांना मीखाएल समजायला जड जाऊ नये.

असो. मुळात हे सगळं आत्ताच का उकरून काढलं ते सांगतो. माझी एक मावसबहीण अमेरिकेत असते. नवरा आयरिश वंशाचा. त्यांना मुलगा होणार आहे आणि नवऱ्याच्या आजोबांचं मायकल हे नाव ठेवायचं ठरतंय, मधलं नाव मराठी. तिनं हौसेनं फॅमिली ग्रुपवर सांगितलं. झालं! एका काकांनी लगेच लिहिलं, "ख्रिश्चन नाव कशाला? आपली काय कमी आहेत?" दुसऱ्या बाजूने एका आत्याने साईटचा स्क्रीनशॉट टाकला, "अगं अर्थ किती छान आहे, देवासारखा! ठेव ठेव." मग 'आपली संस्कृती', मग 'काळ बदलला', मग कुणाचे तरी हात जोडलेले, मग सुप्रभात. तिनं संध्याकाळी ग्रुप सोडला आणि दोन दिवस आईचा फोन घेतला नाही.

माझं म्हणणं असं की त्या दिवशी विरोध करणारे काका आणि पाठिंबा देणारी आत्या, दोघंही एकाच रोगाचे पेशंट होते. दोघांनाही नाव म्हणजे एक लेबल वाटतं. एकाच्या लेबलवर धर्म लिहिलाय, दुसरीच्या लेबलवर गोड अर्थ. नाव कुठून आलं, कुणाकुणाच्या तोंडून आलं, हे दोघांनाही नकोय.

काकांचं आधी घेऊ. ख्रिश्चन नाव! अहो काका, हे नाव ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचं आहे. ज्यूंच्या तोराहमध्ये कनान देश बघायला गेलेल्या बारा हेरांची यादी आहे, त्यातल्या आशेर वंशातल्या हेराच्या बापाचं नाव मीखाएल. साधा माणूस. पंख नाहीत, तलवार नाही. देवदूत मीखाएल येतो तो नंतर, दानिएलच्या पुस्तकात, इस्राएलचा रक्षक म्हणून. देवदूतांची नावं बाबिलहून परतणाऱ्यांबरोबर आली असं ज्यूंच्या परंपरेतच म्हटलंय. मग ख्रिश्चनांच्या प्रकटीकरणात तो अजगराशी लढतो. आणि कुराणात दुसऱ्या सुरेत मीकाल म्हणून त्याचा उल्लेख येतो, जिब्रीलच्या शेजारी. म्हणजे तीन धर्मांचं सामायिक नाव, आणि सर्वात आधी ज्यूंचं. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकल ब्लूमबर्ग ज्यू. त्यांना सांगा ख्रिश्चन नाव आहे म्हणून.

'इंग्रजी नाव' म्हणाल तर तेही नाही. इंग्रजांनी याचं फक्त वाटोळं केलं. मूळ उच्चार मीखाएल, मराठी बायबलातही तसंच लिहितात. इंग्रजीत मधल्या काही शतकांत दीर्घ 'ई'चा 'आय' झाला आणि शेवटच्या देवाचा नुसता 'ल' उरला. मायकल. बाकीच्यांनी निदान थोडा मान ठेवला. रशियन मिखाईल (१६१३ साली गादीवर बसलेला पहिला रोमानोव्ह झार मिखाईलच, आणि गोर्बाचेव्हही), स्पॅनिश-पोर्तुगीज मिगेल, इटालियन मिकेले, फ्रेंच मिशेल, फिनलंडमध्ये मिक्को, डेन्मार्कात मिकेल, अरबीत मीकाईल. मिकेलांजेलो म्हणजे सरळ 'मायकल देवदूत'. डॉन किहोतेवाला सर्व्हान्टेस याचं नाव मिगेल. तो २९ सप्टेंबर १५४७ला जन्मला असावा असं अभ्यासक मानतात, आणि त्याचं कारण काय, तर २९ सप्टेंबर हा सेंट मायकलचा सण! बाप्तिस्म्याची तारीख नोंदलेली आहे, जन्माची नाही, ती नावावरून काढली. रामनवमीला जन्मला म्हणून राम, तसलाच प्रकार. तिथे अर्थाचा कॉलम कुणी बघितला नव्हता, कॅलेंडर बघितलं होतं.

आणि काका, हिब्रू नावं आपल्याकडे इंग्रजांच्या बोटीतून आली असं वाटत असेल तर जरा अलिबागला जाऊन या. कोकणातले बेने इस्राएल. मराठी बोलणारे, गावावरून -कर आडनावं लावणारे, शनिवार पाळायचे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले. त्यांची नावं इंग्रजीतून गेलीच नाहीत, थेट मराठीत मुरली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारा, कंपनीच्या सैन्यातला अधिकारी, त्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. सामाजी म्हणजे शमुएल, हसाजी म्हणजे यहेज्केल. सामाजी! काय मराठमोळं वाटतं की नाही? मांडवीजवळच्या सॅम्युअल स्ट्रीटला त्याचंच नाव आहे. रस्त्याच्या पाटीवर इंग्रजी, घरात सामाजी. परकं नाव आपलं कसं होतं याचं यापेक्षा सरळ उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि ते घडलं तेव्हा 'आपली काय कमी आहेत' म्हणायला व्हॉट्सॲप नव्हतं.

मायकलही इथे जुनाच. माहीमचं चर्च माहितीये ना? दर बुधवारी एल.जे. रोडवर जो ट्रॅफिक होतो ते. १९४८पासून तिथे बुधवारची नोव्हेना चालते, मेणाची घरं नि मेणाची बाळं घेऊन सगळ्या जातीधर्माची माणसं रांगेत उभी असतात, आमच्या चाळीतल्या अर्ध्या बायका जायच्या. नोव्हेना मेरीची, पण चर्च कुणाचं? सेंट मायकलचं. पोर्तुगीजांच्या काळापासूनचं. गोव्यात हणजुणेचं मोठं चर्च सेंट मायकलचं, म्हणजे साव मिगेलचं. आपण सगळे तिथल्या फ्ली मार्केटला जाऊन आलोय, चर्चचं नाव किती जणांनी वाचलं? बंगालीतला आधुनिक महाकवी मायकल मधुसूदन दत्त. १८४३ला धर्मांतर केलं, पुढे मायकल नावाला चिकटलं, आणि 'मेघनादवध' लिहिलं रामायणावर! आणि १९९६ साली अंधेरीत मायकल जॅक्सन आला, मातोश्रीवर जाऊन आला, तेव्हा संस्कृतिरक्षणाची सगळी मंडळी कौतुकानं बघतच होती. तेव्हा नाव परकं नव्हतं वाटतं. आपल्याला मायकल चालतो, फक्त तो आपल्या घरात जन्मलेला चालत नाही. हिंदी सिनेमात तर व्हिलनच्या मागे उभा राहणारा तिसऱ्या नंबरचा गुंड नाहीतर दारूडा, म्हणून आपण हे नाव वर्षानुवर्षं वापरलंच.

आता आत्या. आत्याचा गैरसमज जास्त गोड आणि म्हणून जास्त घातक. 'अर्थ छान आहे म्हणून नाव ठेवावं.' अमेरिकन सरकारचा सोशल सिक्युरिटी विभाग दरवर्षी नवजात बाळांच्या नावांचा डेटा प्रसिद्ध करतो, फुकट आहे, उतरवून घ्या नि खेळत बसा. १९५४ ते १९९८, मधलं फक्त १९६० सोडून (त्या वर्षी डेव्हिड), मुलांच्या नावात पहिला नंबर मायकलचा. चव्वेचाळीस वर्षं! एकट्या १९५७ मध्ये ९० हजारांहून जास्त बाळांचं नाव मायकल ठेवलं गेलं. मग १९९९ ते २०१२ जेकब, २०१३ ते २०१६ नोआ. डेव्हिड धरून सगळी हिब्रू. म्हणजे १९५४पासून सलग ६३ वर्षं अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं नाव हिब्रू मुळाचं होतं. २०१७ला लिअम आला आणि साखळी तुटली. त्याच वर्षी मायकल पहिल्या दहातूनही बाहेर पडला, १९४३पासून ठाण मांडून बसला होता.

तर या लाखो आईबापांनी अर्थ बघून नाव ठेवलं? अजिबात नाही. १९५७ च्या त्या ९० हजार घरांपैकी हिब्रू किती जणांना येत असेल? एकेकाळी तिकडे मायकल म्हणजे गरीब आयरिश स्थलांतरित. इतकं की 'मिक' ही आयरिश माणसाला द्यायची शिवी झाली. ज्या नावावरून शिवी झाली तेच पुढे देशात पहिलं आलं, आणि यात अर्थाचा काडीचाही संबंध नव्हता, कारण अर्थ तर दोन्ही वेळेला तोच होता! हे नाव कॅथलिकांत चालत होतं, ज्यूंत चालत होतं, प्रॉटेस्टंटांत चालत होतं, काळ्यांत नि गोऱ्यांत चालत होतं. १९५८चा जॅक्सन, १९६३चा जॉर्डन. कुणालाच 'त्यांचं' वाटत नव्हतं. त्यात लाडाने माइक म्हणता येतं. माझ्या मते एवढंच पुरेसं होतं.

आणि १९५७ वरून आठवलं. १९२९ साली अटलांटात एका पाद्र्याला मुलगा झाला, नाव मायकल किंग, बापाचंही तेच. १९३४ मध्ये बाप जर्मनीला जाऊन आला, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या भूमीत, आणि परत येऊन त्याने स्वतःचं नि मुलाचं नाव बदललं. मार्टिन ल्यूथर किंग. मुलाच्या जन्मदाखल्यावर मात्र ते बदललं १९५७ मध्ये. ज्या वर्षी सर्वात जास्त पोरं मायकल झाली, त्याच वर्षी एका दाखल्यावरून मायकल खोडला गेला. आत्याबाई, 'मार्टिन'चा अर्थ बघून बदललं का हो ते? मार्टिनचा संबंध रोमनांच्या युद्धदेवाशी आहे, अहिंसेच्या लढ्याला किती शोभतो बघा. नावाचा अर्थ त्या बापाने ठरवला होता, आणि तो होता 'ज्याची आठवण मला ठेवायचीय तो माणूस'. माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या आजोबांचंही तेच.

हे अर्थाचं वेड आपल्या नावांतही तितकंच शिरलंय, तिथे मराठी-संस्कृतवाले काका एकदम गप्प असतात. 'रेयांश'. अर्थ म्हणे सूर्यकिरणाचा अंश. संस्कृतात किरणाला रश्मी म्हणतात, कर म्हणतात, अंशू म्हणतात, 'रेय' कधी म्हणत नाहीत. तो 'रे' इंग्रजीतला! आणि 'कियान'? साईटवर संस्कृत, अर्थ 'देवाची कृपा'. मूळ फारसी आहे, इराणच्या जुन्या राजांच्या बिरुदावरून आलेलं. नावं छान आहेत, ठेवा की, माझ्या टीममध्येच दोघांनी ठेवलीत. फक्त इंग्रजी-फारसी नाव संस्कृत म्हणून ठेवायचं नि हिब्रू नावाला परकं म्हणून नाकं मुरडायची, हे काही पटत नाही बुवा.

कॉल सेंटरच्या जमान्यात माझा एक मित्र रात्रपाळी करायचा. त्याचं नाव 'म'ने सुरू होणारं, छान चार अक्षरी. त्याला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, तू माइक. अर्थ विचारला नाही, त्याला विचारलं नाही, हेडसेटबरोबर नावही टेबलावर ठेवलं होतं. तो म्हणायचा, माइक या नावाबद्दल मला काही तक्रार नाही, ते मला कुणी *दिलं* नाही एवढीच तक्रार आहे, ते नुसतं लावलं. मला नावांबद्दल जे काय कळलंय त्यातलं निम्मं या वाक्यात आहे. माझी बहीण तिच्या मुलाला नाव *देत*येय. तिथे स्क्रीनशॉटचं काय काम?

साईटवाल्यांसाठी, कारण ते आपल्याच धंद्यातले, एक रिक्वेस्ट. 'अर्थ' या फील्डवरचं 'रिकामं चालणार नाही' हे बंधन काढून टाका. माहीत नसेल तर नल ठेवा, त्यासाठीच तो असतो. 'मूळ'मध्ये नुसतं 'संस्कृत' टाकण्याआधी एकदा आपट्यांचा कोश उघडा. आणि इनपुट साफ करणाऱ्या त्या फिल्टरमधून प्रश्नचिन्ह तेवढं वगळा, रेजेक्समध्ये एका अक्षराचा बदल आहे, हवं तर मी करून देतो.

काकांना हे सगळं पाठवलंय. निळ्या टिका आल्यात. :-)